सात नंबरच्या खाटेजवळचं स्टूल

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी ना कोणी माझ्यावर बसलं असेल, पण माझ्याकडे बघितलं मात्र कोणीच नसेल. मी रुग्णालयातलं एक जुनं लोखंडी स्टूल. येणारा माणूस खाटेवरच्या माणसाकडे बघतो, स्टुलाकडे कोण बघणार? त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोखंडाला फारसं काही वाटत नाही. वजन तेवढं कळतं. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

मला एका वेल्डरने बनवलं. त्याची आई याच वॉर्डात होती. तेव्हा इथे बसायला काही नव्हतं, म्हणून तो बादली पालथी घालून तिच्याजवळ बसायचा. पुढे रुग्णालयाने त्यालाच चाळीस स्टुलं करायला सांगितली. किती उंच, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने त्या बादलीच्या उंचीचे पाय कापले. माझ्यावर बसलं की माणसाचं कोपर बरोबर गादीवर टेकतं. कितीही वेळ हात हातात धरा, खांदा भरून येत नाही. एवढीच माझी हुशारी, आणि तीही बादलीची.

तेव्हापासून पुष्कळ लोक बसून गेले. कोणी चमच्याने भरवलं, कोणी गादीवर डोकं टेकून घोरलं, कोणी नुसतं बसलं. एका मोठ्या डॉक्टरांनी एकदा मला पायाने जवळ ओढलं आणि म्हणाले, "बरं आहे हे." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. पुढे रंग उडाला, एक पाय झिजला आणि मी डुगडुगायला लागलो.

त्याच सुमारास सात नंबरवर एक आजी आल्या. त्यांचं अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, मान वळत नव्हती. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळा वॉर्ड त्यांना घड्याळजीच म्हणायचा. जन्मभर बारीक काम केल्यामुळे त्यांना हातभर अंतरापर्यंतचंच दिसायचं. त्यापलीकडे सगळं धुकं. गुडघे तर केव्हाच संपावर गेले होते. आल्या आल्या त्यांनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा चार घड्या घालून माझ्या झिजलेल्या पायाखाली सरकवला. माझं डुगडुगणं थांबलं. मग त्यांनी आजींचा चांगला हात हातात घेतला.

"हे बघ, बोटाने एकदा दाबलंस तर हो. दोनदा दाबलंस तर नाही. कळलं?"

आजींनी एकदा दाबलं.

त्यानंतर दोघांचा संसार त्या एका बोटावर चालू झाला. "पाणी देऊ?" "उशी सरकवू?" "सूनबाईने भांडी जागेवर लावली असतील का?" याला आजी लगेच दोनदा दाबायच्या आणि घड्याळजी एकटेच हसायचे.

मग वॉर्ड नवा करायचं ठरलं. रुग्णांचं समाधान वाढावं म्हणून एक आर्किटेक्ट बाई आल्या. त्या मनापासून काम करणाऱ्या होत्या, हे मी आधीच सांगतो. त्यांनी फॉर्म वाटले, लोकांना काय खुपतं ते विचारलं. फॉर्मवर लोकांनी लिहिलं की स्टुलं सरकवताना कर्कश आवाज होतो. ते खरंच होतं. पण फॉर्म भरले ते चालत्याबोलत्या माणसांनी.

आजींना चार दिवस दुसऱ्या वॉर्डात हलवलं. इथल्या भिंतींना फिकट हिरवा रंग लागला. प्रत्येक खाटेच्या वर छताला सुंदर गोल दिवा आला. झाडांची मोठी चित्रं लागली. भिंतीपाशी गुबगुबीत खुर्च्या आल्या, आणि त्या सरकू नयेत म्हणून जमिनीला बोल्टने पक्क्या केल्या. आम्हा चाळीस जणांना जिन्याखालच्या खोलीत एकावर एक रचलं. मला वाईट वाटलं का? आठवत नाही. अंधार होता, एवढं आठवतं.

आजी सात नंबरवर परत आल्या, त्याला तीन दिवस झाल्यावर वॉर्डातल्या मावशी झाडू ठेवायला तिथे आल्या. सोबत लिफ्टमन होता.

"अहो, ते घड्याळजी तिकडे खुर्चीत बसतात आणि आजी इकडे," मावशी सांगत होत्या. "मध्ये दोन हातांचं अंतर. त्यांना तिचं तोंडसुद्धा दिसत नाही. खाटेवर बसू देत नाहीत, आणि उभं राहवत नाही. आजी तीन दिवस काहीतरी सांगायला बघतायत. बोट नुसतं चादरीवर आपटतायत. जेवण बंद केलंय."

"मग सांगा ना वरच्यांना."

"सांगून होईपर्यंत म्हातारी राहते का?" असं म्हणत मावशींनी मला ढिगातून ओढून काढलं. पुठ्ठ्यावरून त्यांनी मला ओळखलं. तो पायाला चिकटून बसला होता.

घड्याळजी माझ्यावर बसले. कोपर गादीवर टेकलं.

"दुखतंय का?" दोनदा. "भूक?" दोनदा. "माझा राग आलाय?" जरा थांबून दोनदा. विचारता विचारता ते आजींच्या तोंडाजवळ वाकले, आणि त्यांचेच डोळे दिपले. "दिवा का?"

आजींनी एकदा दाबलं, आणि दाबूनच धरलं.

तो सुंदर दिवा तीन दिवस सरळ त्यांच्या डोळ्यांत येत होता. कागदोपत्री नोंद होती, 'झोप नाही, अन्न घेत नाही.' मावशींनी वर्तमानपत्र आणून दिव्याला चिकटवलं. संध्याकाळी आजी थोडं जेवल्या.

दुसऱ्या दिवशी आर्किटेक्ट बाई फाइल घेऊन आल्या आणि वर्तमानपत्र बघून जागीच थांबल्या.

"हे कोणी लावलं? आणि हे स्टूल इथे कसं?"

"मीच आणलं," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, इतक्या चांगल्या खुर्च्या आहेत. मी एकेका खुर्चीवर बसून बघितलंय."

"आणि खाटेवर झोपून?"

मावशींनी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं.

"सहा नंबर रिकामी आहे. चादर आत्ताच बदललीय. चपला काढा आणि व्हा आडव्या. मान मात्र वळवायची नाही."

बाई संकोचल्या, पण झोपल्या. लगेच त्यांचा हात डोळ्यांवर गेला.

"झाडांचं चित्र कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या डोक्यामागे. आम्हाला दिसतं ना. फार छान आहे!"

बाई पुष्कळ वेळ तशाच पडून राहिल्या. उठल्यावर त्यांनी टेप काढला आणि माझी उंची मोजली.

"ही उंची कोणी ठरवली?" त्यांनी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मग दिवे बाजूला सरकले. चित्रं समोरच्या भिंतीवर गेली. माझ्या उंचीची नवी स्टुलं आली, पायांना रबर लावलेली. ती आवाज करत नाहीत. हे सगळं व्हायला महिना लागला. आजींनी तेवढी वाट बघितली नाही.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी घड्याळजींनी विचारलं, "मी इथेच आहे. कळतंय ना?" आजींनी एकदा दाबलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग आणखी एकदा. नंतर त्यांनी विचारायचं सोडलं, हात मात्र सोडला नाही. त्यांचं वजन तासभर तसंच माझ्यावर होतं. जास्त नाही, कमी नाही.

मित्रांनो, आता मी कोपऱ्यात असतो. फरशी पुसताना मावशी माझ्यावर बादली ठेवतात. बादलीच्या उंचीचा मी, आता बादलीच्याच कामाला. ठीक आहे. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी आजारी माणसांसाठी खोल्या बांधेल. बांधायच्या आधी तिथे एकदा आडवे व्हा. आणि ज्याला बोलता येत नाही त्याला विचारायचं असेल, तर हात पोहोचेल इतक्या जवळ बसा.

घड्याळजींचा पुठ्ठा अजून माझ्या पायाखाली आहे. पाण्याने आता तो मऊ झाला आहे. मी मात्र अजून डुगडुगत नाही.