सहा दिवस साफ

दादाला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, आणि त्याने सहा दिवस काहीच घेतलं नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण सगळा घोळ त्यामुळेच झाला.

दादा पावडर ओढतो. चार वर्षं झाली. गोदामात पोती उचलताना पाठ धरली, तिच्यासाठी गोळ्या, मग जास्त गोळ्या, मग हे. वहिनी दुसऱ्या वर्षी माहेरी गेली. चूक तिची नाही.

उपचार शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात फोन नीट मलाच वापरता येतो. अकरा ठिकाणी बोललो. एक जण फक्त दारूवाल्यांनाच घेतो. एकाने विचारलं, पेशंट दंगा करतो का? मी नाही म्हटलं, तर म्हणाला, आमच्याकडे आल्यावर कोणीच करत नाही. असा हसला की मी फोन ठेवला. खाजगीतला एक आकडा ऐकून बाबा नुसते पंख्याकडे बघत बसले. थेरपीवाले चांगले वाटले, पण सगळ्यांचं एकच, आधी अंगातलं उतरवून या, मग बोलू. आणि फुकटात उतरवून देणारं केंद्र एकच. बारा खाटा. नाव लावलं. तीन आठवड्यांनी, बुधवारी, फोन आला. मंगळवारी खाट रिकामी होतेय, पाचपर्यंत भरती व्हा, नाहीतर पुढच्या नावाला देऊ.

आता आमची आई. पाहुणे यायचे म्हटले की ही आदल्या दिवशी कपाटाच्या मागचीसुद्धा जळमटं काढते. ती म्हणाली, असा नशेत नेणार त्याला? डॉक्टर काय म्हणतील, यांना सुधारायचंच नाही. बाबांनी मान हलवली. मला पण पटलं. आणि दादा स्वतःच म्हणाला, करून बघतो.

मागच्या खोलीची कडी बाहेरून लावायला त्यानेच सांगितलं.

ते सहा दिवस मी लिहीत नाही. बादली मी उचलायचो एवढंच सांगतो. रात्रभर पाय झाडायचा, भिंतीला लागून लागून टाच सोलली. तिसऱ्या दिवशी मला आईवरून शिव्या दिल्या, आपली आई एकच आहे हे विसरून. पाचव्या दिवशी दोन बिस्किटं पोटात टिकली. सहाव्या दिवशी दाढी केली. आईने त्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि इतक्या वेळा फिरवली की बाबा म्हणाले, अगं जळेल तो.

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. लोकांची एक खोड असते. मी जायच्या आत मशीन पुसून, ठोकून, कशीतरी चालू करून ठेवतात. मग मला बिघाड दिसतच नाही. मी चिडतो त्यांच्यावर, अहो हात कशाला लावलात म्हणून. घरी मात्र हे माझ्या डोक्यात आलं नाही. सहा दिवसांत एकदाही नाही.

केंद्रात काउंटरवरच्या बाईंनी छोटी डबी दिली. दादा भरून घेऊन आला. त्यांनी पट्टी बुडवली, बघितली आणि म्हणाल्या, "निगेटिव्ह."

मी हसलो. दादा पण हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की इथे भरती फक्त पॉझिटिव्हची होते, याच्या अंगात काही नाही तर उतरवायचं काय. मी म्हटलं, मग उत्तमच, थेट थेरपीला पाठवा. तिथे इथलं पत्र लागतं, म्हणाल्या. मग पत्र द्या. पत्र डिस्चार्जला मिळतं. भरतीच नाही तर डिस्चार्ज कसला.

त्यांचा आवाज वाईट नव्हता. तोच त्रास होता. भांडायला जागाच नव्हती.

"मग आम्ही करायचं काय?" मी विचारलं.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पाचपर्यंत खाट तुमच्या नावावर आहे," म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

पाण्याच्या नळापाशी एका नर्सने मला गाठलं. दादाकडे न बघता म्हणाली की सहा दिवसांनंतर पहिल्याएवढं घेतलं तर श्वास थांबतो, असे जातात लोक, त्याला एकटं सोडू नका. मी विचारलं, सिस्टर, मग घरी नेऊ का? ती नळ बंद करून आत गेली.

आम्ही बाहेर बाकावर बसलो.

"आयुष्यात एकदा पास झालो," दादा म्हणाला, "तर म्हणतात नापास होऊन ये."

मी म्हटलं घरी चल, परत नाव लावू. तो म्हणाला तीन आठवडे कडी लावशील? मला कामं होती, बाबांची ड्युटी होती, आईच्याने तो आवरला नसता.

"धाकट्या, मी मंगळवारपर्यंतचंच धरून ठेवलं होतं. त्याच्या पुढचं माझ्याकडे नाहीये. आज इथे घेईन, नाहीतर चार दिवसांनी घरी घेईन, तुम्ही कोणी नसताना. तू ठरव."

असं म्हणून हात पुढे केला. लहानपणी खाऊला मी त्याच्यापुढे करायचो तसा.

मी पैसे दिले. लिहायला सोपं आहे.

वीस मिनिटांत तो पुडी घेऊन परत आला. समोरच्या पेट्रोल पंपाच्या संडासात गेला. अगदी थोडं घ्यायचं आणि माझ्याशी बोलत राहायचं, असं ठरलं होतं. मी दाराला कान लावून उभा. काहीही विचारत होतो. शाळेतल्या शिपायाची सायकल कुठल्या रंगाची होती? हिरवी. तुला पोहायला कोणी शिकवलं? कोणी नाही, ढकलून दिलं. आवाज जड होत गेला. मग आलाच नाही. मी दार बडवलं. मागे एक माणूस ताटकळत होता, म्हणाला, पोट बिघडलंय का? मी हो म्हटलं. पुन्हा बडवलं, लाथ घातली.

"आहे रे," आतून आलं. "आहे अजून."

साडेचारला तीच बाई, तशीच डबी. या वेळी पॉझिटिव्ह. तीन तासांत काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. शिक्का मारला. दादा वॉर्डकडे जाताना सैल चालत होता, चेहऱ्यावर आराम होता, सहा दिवसांत पहिल्यांदा. आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्याचीच किळस अजून येते.

बाहेर आलो तर आईचा फोन.

"घेतला ना रे? सहा दिवस काढले म्हटल्यावर शाबासकी दिली असेल."

"दिली," मी म्हटलं.

"कोणी?"

"मोठ्या डॉक्टरांनी."

तिने ते बाबांना ओरडून सांगितलं. मग परत फोनवर आली. म्हणाली, त्याला सांग, एवढं केलंस, आता पुन्हा हात लावू नकोस.

सांगतो म्हटलं.