सोबत राहणारी

वकीलबाईंनी युक्तिवादाच्या मसुद्यातल्या ‘पगारी माणूस’ या शब्दांखाली इतक्या जोरात रेघ ओढली की कागदच फाटला. आतल्या खोलीत त्यांची लेक मावशींच्या मांडीवर खिदळत होती. सांभाळायला येऊन जेमतेम चार महिने झालेल्या मावशी! आणि मघाशी बाईंनी लेकीला कडेवर घेतलं, तर ही बया तोंड फिरवून मावशींकडे झेपावली होती.

“बघा ताई, कशी लबाड आहे!” मावशी आतून म्हणाल्या.

बाई हसल्या खऱ्या, पण जळफळाट काही जाईना.

बाळंतपणानंतरचा हा पहिलाच खटला. भाडेकरू म्हातारी वारली होती आणि पगारावर तिची सेवा करत वर्षानुवर्षं तिथंच राहिलेली बाई खोली सोडत नव्हती. भाडेकरूच्या पश्चात खोली ‘सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे’ जाते, असा कायदा. कुटुंबीय कोण, ते मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं. वकीलबाई घरमालकाच्या बाजूनं होत्या.

“कुटुंब म्हणजे रक्ताचं नाहीतर लग्नाचं नातं,” दुसऱ्या दिवशी कोर्टात त्या तावातावानं म्हणाल्या. “पगार घेऊन लावलेला जीव ही नोकरी झाली, साहेब.”

मागच्या बाकावरच्या त्या बाईनं मान खाली घातली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “शब्द अडला की कायदा कशासाठी केला ते बघावं. एक माणूस गेलं म्हणून घरातलं दुसरं रस्त्यावर येऊ नये, यासाठीच ना?”

“हो, साहेब.”

“मग सांगा, म्हातारी रात्री घाबरून उठली की हाक कुणाला मारायची? साक्षीत आलंय?”

आलं होतं. बगल देता आली असती. वकीलबाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

“हिलाच, साहेब.”

घरमालकानं कपाळावर हात मारला. बाहेर पडताना समोरच्या पक्षाचे म्हातारे वकील मिश्कीलपणे म्हणाले, “युक्तिवाद झणझणीत होता हो. पण राग नेमका कुणावर?”

संध्याकाळी मावशी चपला घालून निघाल्या, तशी लेकीनं भोकाड पसरलं.

“हिला झोपवता तरी कशी?” बाईंनी विचारलं.

“काही नाही हो. तुम्ही कुठवर आलात ते सांगते. आई निघाली, आई पुलावर आली, आई वळली... ऐकता ऐकता झोपते.”

“आज तर मी घरातच आहे.”

“मग आज माझं सांगा,” म्हणत मावशींनी हलकेच दार ओढून घेतलं.

बाई लेकीला थोपटू लागल्या. “मावशी निघाल्या... मावशी जिना उतरल्या... मावशी फाटकाबाहेर पडल्या...”

लेक रडं थांबवून ऐकत राहिली. फाटकापुढे मावशी कुठल्या बाजूला वळतात, हे बाईंना ठाऊकच नव्हतं.