बंद दिवशी उघडलेलं दुकान

बबडीचे केस विंचरण्यावरून त्या सकाळी घरात रडारड झाली.

बबडी ही सलूनवाल्याची एकुलती एक मुलगी. नुकतंच सोळावं लागलेलं. एकेकाळी तिची बडबड थांबवायला घरच्यांना हात जोडावे लागायचे. चर्चच्या गायकवृंदात ती पहिल्या रांगेत उभी राहायची आणि तिची आई, जी रविवारच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची, ती मान ताठ करून लेकीकडे बघत बसायची. पण गेले काही महिने पोर विझत चालली होती. आधी गाणं सुटलं, मग मैत्रिणी, मग शाळा, मग आंघोळसुद्धा. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पडून पडून मानेमागच्या केसांचा पार गोळा झाला होता.

आईबापांनी आपापल्या परीनं सगळं केलं. बाप म्हणाला, "ऊठ, तोंड धू, बाहेर पड, आपोआप बरं वाटेल." आईनं उपास धरले, उशाशी बसून बायबलमधली वचनं वाचली. शेवटी एका रविवारी ती चर्चमध्ये भर उपासनेत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकीचा विश्वास ढळलाय, सगळ्यांनी प्रार्थना करा." लेक शेजारीच बसली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. त्या दिवसापासून बबडीनं चर्च सोडलं आणि आईशी बोलणंही.

आणि आज आईनं कंगवा घालून ओढलं, पोर किंचाळली, आई कंगवा टाकून रडत बसली.

"चल, दुकानात जाऊ," बाप म्हणाला.

दुकानाचा बंद दिवस होता. त्यानं शटर अर्धंच वर केलं. बबडी टोपी पुढे ओढून आत शिरली. आरशात बघायला लागू नये म्हणून त्यानं खुर्ची उलटी फिरवली.

"कापून टाका सगळे," ती म्हणाली.

"कापायला काय, कधीही कापता येतील. आधी सोडवून बघतो. दुखलं तर सांग."

केस ओले करून त्यानं कंडिशनर चोळला. मुळाशी एका मुठीत बट घट्ट धरायची, म्हणजे डोक्याला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून हळूहळू वर यायचं. एरवी गिऱ्हाइकाशी त्याचं तोंड कात्रीपेक्षा जोरात चालायचं. आज मात्र तो गप्प होता.

"पप्पा, माझा विश्वास कमी आहे असं तुम्हालाही वाटतं?"

उत्तर ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "तूच सांग."

"मी रोज प्रार्थना करते. मम्मीपेक्षाही जास्त. सकाळी जाग येऊ नये, एवढंच मागते. आणि रोज जाग येते."

त्याचा कंगवा थांबला. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का गं?"

तिनं टोपी मांडीवर चुरगाळली. मग हळूच म्हणाली, "वाटतं."

"आत्ता?"

"आत्ता नाही. आत्ता तुम्ही केस सोडवताय."

त्याला पुष्कळ बोलावंसं वाटलं. असं काय म्हणतेस, आम्ही कुणाकडे बघायचं, आम्ही काय कमी केलं. पण म्हणाला एवढंच, "बरं झालं सांगितलंस. मी रागावलो नाहीये. आजच डॉक्टरकडे जाऊ. तू म्हणशील तर आत बसेन, नाहीतर बाहेर थांबेन."

"मम्मी काय म्हणेल?"

"मम्मीशी मी बोलतो."

निम्मा गुंता सुटला. उरलेला काही केल्या सुटेना, तेव्हा त्यानं मानेपाशी केस कापले. निघताना दुकानातले सगळे वस्तरे गोळा करून कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. स्वतःच्या हत्यारांची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

घरी आईनं आखूड केस बघून तोंडावर हात ठेवला. मग त्यानं तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि पाटावर बसली.

"एवढे गुडघे झिजवले मी. कुठे कमी पडले?"

"तू कमी पडली नाहीस. पोर आजारी आहे. न्यूमोनिया झाला असता तर प्रार्थना करत करत दवाखान्यात नेलीच असतीस ना?"

ती डोळे पुसून उठली आणि पायात चपला सरकवल्या.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, नैराश्य. गोळ्या दिल्या, समुपदेशकाकडे जायला सांगितलं, आणि पोरीला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा, असं दोघांना बजावलं. त्या संध्याकाळी आई बबडीच्या खोलीत गेली. "तुला न विचारता मी तुला सगळ्यांपुढे उघडं पाडलं. चुकलं माझं, बाळा." बबडीनं ऐकलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

गोळ्यांनी जादू केली नाही. शाळेचं वर्ष हातचं गेलं. मध्ये जरा उजेड दिसला, पोर टेबलावर येऊन जेवायला लागली, तोच पुन्हा खचली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आली तेव्हा गालफडं बसली होती. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा आईनं त्यांना दारातच सांगितलं, "या, पण उपदेश नको." ते चहा पिऊन, बबडीच्या डोक्यावर हात ठेवून मुकाट्यानं गेले.

आता रविवारी आईबाप आळीपाळीनं चर्चला जातात. अशाच एका रविवारी बाप लवकरच्या उपासनेहून परतला, तेव्हा आई बबडीच्या पलंगाशी फरशीवर बसलेली होती. हातात काही नाही, ओठ मिटलेले.

"मनातल्या मनात प्रार्थना करतेयस ना?" बबडीचा आवाज आला.

"हो."

"काय मागतेस?"

आई घुटमळली. "शब्दच सुचत नाहीत गं. नुसतं तुझं नाव घेते."

बबडी भिंतीकडे सरकली. "वर बस. फरशी गार आहे."

आई वर बसली. बापानं दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून पोटभर रडला.