बुडातला नमुना

वैभवीला रीतभात म्हणून नाही, असं चतुराबाईचं ठाम मत होतं. इंझोरीच्या घरी नात दिवाळीनंतर पहिल्यांदाच आली, अन् घोटभर पाणी प्यायच्या आधी तिनं ठरल्या कामात मोडता घातला.

चतुराबाईच्या नवऱ्याच्या, नानाजींच्या फुफ्फुसात सुपारीएवढी कॅन्सरची गाठ निघाली होती. छातीच्या फोटोत ती एकाच जागी दिसत होती. नागपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं कापून काढायची तारीख दिली, चतुराबाईनं सोयऱ्यांना निरोपही धाडले. अन् त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला असलेली ही पोरगी म्हणे, "आजोबा, आपरेशनच्या आधी रक्त द्या. मी डॉक्टरले इचारलं हाय."

"काहून?" चतुराबाई कडाडली. "गाठ छातीत हाय का दंडात?"

"गाठीचे बारीक कण रक्तात येतात, आजी. गाठ जागा सोडून निघाली असन, तं रक्तातल्या काही खुणा वाढतात. कधी कधी फोटोत दिसाच्या आधीच. पक्कं नाही सांगत मी. पर शंका आली, तं डॉक्टर अजून खोल पायतीन."

चतुराबाईला तुरीची पोती आठवली. कारंज्याच्या बाजारात व्यापारी पोत्याच्या तोंडाशी नमुना काढायची पोकळ परखी खुपसून मूठभर तूर काढी, तेव्हा तीच त्याचा हात धरून म्हणे, "बुडातून काढ!" तिच्या पोत्यात वरखाली एकच माल असे. पण वर टपोरे दाणे अन् बुडाशी किडकी तूर, अशी इतरांची पोती तिनं ढीगभर पाहिली होती. फोटो म्हणजे वरचे दाणे, हे तिला कोणी समजवायची गरज पडली नाही.

"माह्या तोंडाकडं काय पायता?" ती नवऱ्यावर खेकसली. "द्या रक्त!"

खुणा वाढलेल्या निघाल्या. मग डॉक्टरांनी छातीच्या मधल्या एका ग्रंथीतून सुईनं तुकडा काढून तपासला. रोग तिथं नुकताच पोचला होता. ऑपरेशन थांबलं, आधी औषधं सुरू झाली.

नणंद भागिरथा ओसरीत बसून कुरकुरली, "पोरीनं तारीख मोडली. गाठ काढून भाऊ मोकया झाला असता."

"हो, अर्धा रोग आत ठेवून छाती शिवली असती, अन् तू पेढे खाल्ले असते!" चतुराबाई तडकली.

नानाजींचे केस गेले, अंग वाळलं. पण परवाच्या फोटोत ती ग्रंथी आक्रसलेली दिसली. आता कापता येईल का, ते डॉक्टर बघणार होते. वैभवी मात्र सैपाकघरात तोंड पाडून बसली होती.

"मीच वाईट बातमी आणली, आजी. आजोबाचे हे हाल माह्यानं झाले."

चतुराबाईनं तिची हनुवटी धरून वर केली.

"हाल रोगानं केले. चोरावानी निघाला होता तो, तू त्याले वाटेतच धरला. अन् धरल्यावर आमच्या भेवानं गप नाही बसली. ह्या घरात माह्यामांगं खरं तोंडावर सांगनारी कोनी असन, तं तूच हाय. पूस डोये."