माझा चुकलेला नेम

मित्रांनो, माझ्या अक्रोडी दस्त्यावर इतके ओरखडे आहेत, की मी एक जुनी शिकारीची रायफल आहे हे वेगळे सांगायला नको. आर्नहेमजवळच्या रानात वाउटर नावाच्या डच शिकाऱ्याने मला वर्षानुवर्षे वापरले. शेते उकरणारी रानडुकरे माझ्या एका गोळीत पडत. जखमी होऊन तडफडत नसत. लोक वाउटरचे कौतुक करत, त्यातले थोडे माझ्याही वाट्याला येई. पुढे गुडघे थकले, तेव्हा त्याने मला आपल्या शिष्याच्या, आइंडहोव्हेनच्या अजित नावाच्या इंजिनिअरच्या हाती सोपवले.

२०१४च्या दसऱ्यानंतर माझा नेम अचानक बिघडला. सरावाच्या मैदानावर प्रत्येक गोळी डावीकडे जाऊ लागली. वाउटरने स्वतः मला झाडून पाहिले. तरी तेच.

"म्हातारी झाली," तो खिन्नपणे म्हणाला. "उगाच एखादे जनावर अर्धमेले होऊन पळेल. दे तिला मोडीत."

अजित मात्र शांत होता. "अचानक कोणी म्हातारं होत नाही. कारण सापडेल."

त्याने माझ्यावर बसवलेल्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले, घट्ट होते. काडतुसे बदलली, नळी साफ केली. फरक पडला नाही. मग घरी त्याने कागदाची पट्टी माझी नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवली. गोळी सुटताना नळी थरथरते, म्हणून तिच्याभोवती मोकळी फट लागते. पट्टी मध्येच अडली! त्याने दस्ता उतरवला. फटीत तांदळाचा एक लालसर दाणा घट्ट रुतून बसला होता.

"आई, हे काय?"

पुण्याहून आलेल्या कुमुदिनीबाई चष्मा सावरत आल्या. "अक्षता रे! खंडेनवमीला तूच नाही का पूजेला काढून दिलीस?"

"पूजेला दिली होती, जेवायला नाही!"

"मग ठेवताना नीट बघायचं होतंस. इंजिनिअर ना तू?"

अजित हसतच सुटला. त्या शनिवारी माझी पहिलीच गोळी मधोमध बसली. वाउटरने माझ्या दस्त्यावरून हात फिरवला.

पुढच्या खंडेनवमीला माझी पुन्हा पूजा झाली. कुमुदिनीबाईंनी अक्षता या वेळी माझ्यासमोर पाटावर वाहिल्या.

मित्रांनो, तुमची एखादी जुनी वस्तू अचानक रुसली, तर तिला मोडीत काढण्याआधी एकदा उघडून बघा. मला वाचवायला एक दाणा काढणे पुरले होते.