गळती, दिवाणी स्वरूपाची

वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातलं पाणी मास्तरीणबाईंच्या आजारी नवऱ्याच्या पलंगावर गळत होतं. खोली एवढीशी, पलंग ऐसपैस. सरकवून सरकवून तो दाराला टेकला होता. मिनिटाला अकरा थेंब. छताला फुगा आला होता आणि तो नवऱ्याच्या डोक्यावर पडण्याआधी गळती थांबावी, एवढंच बाईंचं मागणं होतं.

वर राहणारा नळदुरुस्तीवालाच होता. सुरुवातीला शब्दाला शब्द लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं. आता तो जिन्यात भेटला की ओशाळायचा.

"वहिनी, अर्ध्या तासाचं काम आहे हो. पण माझा वकील म्हणतो, दुरुस्त केलंस तर चूक कबूल केल्यासारखं होईल."

"माझा म्हणतो, दुरुस्त होऊ दिलंत तर पुरावा नष्ट होईल."

तेव्हा पुरावा गळत राहिला.

बाईंच्या वकिलांना कोर्टात सगळे आदिमानव म्हणत, कारण ते कुठलीही गोष्ट मुळापासून सांगत. दिवाणी कायदा म्हणजे काय, इथून त्यांनी सुरुवात केली. गुन्हा असेल तर सरकार शिक्षा करतं, माणसांचं आपसात बिनसलं तर दिवाणी. इथे थांबले असते तर! पण ते रोमला गेले. दुसऱ्या तारखेला एका सम्राटाने विखुरलेले कायदे एकत्र करवले. तिसऱ्या तारखेला, म्हणजे बाराव्या शतकात, युरोपातल्या विद्यापीठांनी ते पुन्हा वाचायला घेतले. समोरच्या वकिलांनी बाराव्या शतकाला हरकत घेतली आणि उत्तरासाठी मुदत मागितली. चौथ्या तारखेला कळलं, की कोर्टांच्या जुन्या निकालांपेक्षा लेखी संहितेवर चालणाऱ्या पद्धतीलाही, दिवाणीसारखंच, सिव्हिल लॉ म्हणतात. मग आपली पद्धत कुठली, यावर दुपार गेली.

पाचव्या तारखेला बाईंचे वकील ओघात बोलून गेले, "रोममध्ये शेजाऱ्याचं घर कोसळेल अशी भीती असली, तर नुकसान व्हायच्या आधीच अधिकारी शेजाऱ्याकडून हमी घेत असे."

बाई उठल्या. "साहेब, मला तेवढंच द्या."

न्यायाधीश हसले. "बाई, तो जुना कायदा. आपण आता खूप पुढे आलोत."

"किती पुढे, साहेब?"

"दीड महिना. पुढची तारीख घ्या."

त्या संध्याकाळी ताटाएवढा गिलावा उशीवर पडला. नवरा चहासाठी उठून बसला होता, म्हणून वाचला. बाई तशाच वर गेल्या.

"भाऊजी, पाना आहे?"

"आहे, पण ती कबुली..."

"तुम्ही कबुली द्या, मी पुरावा नष्ट करते. फिट्टंफाट!"

त्यांनी टॉर्च धरला. वीस मिनिटांनी खालून नवरा ओरडला, "अगं, थांबलं!"

पुढच्या तारखेला दोन्ही वकिलांचं पहिल्यांदा एकमत झालं: पक्षकारांनी कायद्याचा मान राखला नाही. दावा चालू आहे. परवा ते अठराव्या शतकात पोचले म्हणे. बाई गेल्या नव्हत्या; छताला रंग देणारा यायचा होता.