साडेचार विसा

तोर्किल बिसगोर शिकवायला उभा राहिला की वर्ग रंगायचा, यात वादच नव्हता. माणूस डेन्मार्कचा, नोकरी स्वीडनमध्ये. रोज सकाळी आगगाडीनं समुद्रावरचा पूल ओलांडून यायचा आणि विद्यापीठात पहिल्या वर्षाला दुग्धशास्त्र शिकवायचा. दूध का नासतं, विरजण का रुसतं, हे तो असे काही हातवारे करून सांगायचा की पोरं हसून हसून बेजार व्हायची. शिकवायचा अर्थातच डॅनिशमधून. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, एकमेकांचं एकमेकांना कळतंच, असं दोन्हीकडचे लोक म्हणतात. निदान चारचौघांत तरी म्हणतात.

एवढं असूनही परीक्षेत निम्मा वर्ग आडवा व्हायचा. आणि तोही सगळा एकाच चुकीनं! जंतू मारायला दूध किती अंशांपर्यंत तापवावं? पन्नास. दही लावायच्या आधी किती? पन्नास. टाकी धुवायचं पाणी किती गरम हवं? पन्नास. तोर्किल उत्तरपत्रिका तपासता तपासता कपाळावर हात मारून घ्यायचा.

"कॉपी करतात, दुसरं काय!" त्यानं ठरवून टाकलं आणि पुढच्या परीक्षेला बाकं लांब लांब लावली. तरी पन्नास ते पन्नासच.

शेवटी विभागप्रमुख गुनवोरनं त्याला खोलीत बोलावलं. बाई मनानं चांगली, पण बोलायला लागली की आडपडदा नाही.

"तोर्किल, या वसंतातही निम्मे पडले, तर पहिलं वर्ष तुझ्याकडून काढून घेणार मी. चित्रफिती करून टाकू, पोरं घरी बसून बघतील. तू वरच्या मजल्यावर निवांत संशोधन कर."

"निवांत?" तोर्किल म्हणाला. "मेल्यावर आहेच की निवांतपणा!"

बोलायला बोलला, पण त्यानं धसका घेतलाच. सकाळी साठ-सत्तर कोवळी तोंडं समोर बसतात, म्हणून तर तो पहाटे उठून पूल ओलांडत होता. ती तोंडंच गेली, तर पलीकडे यायचं तरी कशाला?

मग गड्यानं कंबर कसली. तशी सुधारणेची हौस त्याला पहिल्यापासूनच. दोन वर्षांपूर्वी प्राध्यापकांसाठी एक शिबिर झालं होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं, "स्लाइड्स फेकून द्या, मुलांच्या डोळ्यांत बघून बोला." यानं खरोखरच सगळ्या स्लाइड्स फेकल्या. आता तर तो रोज परतीच्या गाडीत आत्मपरीक्षण करायला लागला. आपण फार भरभर बोलतो का? विनोद जास्त होतात का? त्यानं खुर्च्या गोल मांडून पाहिल्या. चार-चार जणांचे गट पाडले. एकदा तर गाईचा मुखवटा घालून आला. पोरं खूश! परीक्षेआधीची चाचणी घेतली, तर पुन्हा पन्नासांचं पीक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार.

गुनवोरनं मागच्या बाकावर बसून एक तास ऐकला.

"छान शिकवतोस रे," बाहेर येताना ती म्हणाली. "मला तर शब्दन् शब्द कळला."

तिला कळणारच! बाई जन्मली ती पुलाजवळच्या किनाऱ्यावर, लहानपणापासून डॅनिश टीव्ही बघत वाढली. पोरं आली होती पार उत्तरेकडून, जिथं डॅनिश माणूस औषधालाही सापडत नाही. पण हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्यातल्या त्यात तोर्किलची भिस्त होती तूवावर. तूवा उत्तरेची, लाकूडतोड्यांच्या गावातली, पहिल्या बाकावर बसणारी. तो काहीही बोलला की ती श्वास आत ओढून 'शूप्' असा आवाज करायची. तिकडच्या लोकांचा हा होकार. ओठ उघडायचेसुद्धा कष्ट नाहीत. दर वाक्याला शूप्! हिला तरी सगळं समजतंय, या आनंदात तोर्किल पुढचं वाक्य बोलायचा. चाचणीत मात्र तिनंही पन्नासच लिहिले होते.

"आता समोर उभं राहूनच बघतो," असं म्हणून एका सकाळी तो स्वतः विभागाच्या छोट्या डेअरीत गेला. एरवी तिथलं प्रात्यक्षिक दुसरं कुणीतरी घ्यायचं. दह्याचा दिवस होता. दुधानं भरलेली टाकी, भोवती पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं, आणि कळफलकाशी तूवा.

"दूध हाल्वफेम्सपर्यंत तापव," तोर्किल म्हणाला.

"शूप्," तूवा म्हणाली आणि तिनं बटणं दाबली. पडद्यावर आकडा आला : पन्नास.

"अगं, हे काय?"

"पन्नास."

"मी नव्वद म्हणालो!"

"छे! तू हाल्व-काहीतरी म्हणालास."

"मग?"

"हाल्व म्हणजे अर्धं. म्हणून हाल्व-काहीतरी म्हणजे शंभराचं अर्धं, पन्नास," तूवा समजुतीच्या सुरात म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी सांगितलंय."

बाकीच्या टोप्या डोलल्या. तोर्किलनं टाकीचा कठडा धरला.

"आणि हाल्वफियर्स?"

"तेही पन्नास."

"ते सत्तर आहे गं! आणि हाल्वत्रेस?"

तूवा जरा घुटमळली. ओठ चावत म्हणाली, "तेही... पन्नासच?"

"ते मात्र खरंच पन्नास!" तोर्किल ओरडला आणि शेजारच्या पालथ्या बादलीवर मटकन बसला. आधी त्याला घाम फुटला, मग हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी पोरंही धीर करून हसली.

"हे बघा," डोळे पुसत तो म्हणाला, "आम्ही विसांनी मोजतो. तीन विसा साठ, चार विसा ऐंशी. मग नव्वद किती झाले? साडेचार विसा! फक्त साडेचारला म्हणायचं 'अर्धा पाचवा', आणि 'विसा' हा शब्द गिळून टाकायचा. झालं हाल्वफेम्स. साडेतीन विसा सत्तर, अडीच विसा पन्नास. सोपं आहे की!"

पोरं बोटांवर मोजायला लागली.

"म्हणजे दूध तापवायच्या आधी गणित सोडवायचं, आणि तेही अर्धं गिळलेलं?" तूवा म्हणाली.

तेवढ्यात तोर्किलला त्या फेकलेल्या स्लाइड्स आठवल्या. त्यांवर आकडे होते! ठळक, छापील, कुणालाही वाचता येतील असे आकडे. शिबिराचं ऐकून त्यानं त्या फेकल्या आणि तिथपासून पन्नासांची साथ सुरू झाली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! पुस्तकात होतेच म्हणा सगळे आकडे, पण पहिल्या वर्षाला पुस्तक उघडतं कोण?

"अरे, पण मग विचारलं का नाही कुणी?" त्याचा आवाज एकदम पडला. "काय म्हणालास, एवढं विचारायचं होतं."

सगळ्यांना एकाएकी आपापले बूट बघण्यात रस वाटायला लागला. शेवटी तूवाच बोलली.

"तू इतका आनंदात असतोस शिकवताना. मध्येच थांबवणं बरं दिसेना."

हे त्याला फार लागलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. दोन वर्षं आपण शिकवण्याचा आनंद लुटत होतो आणि ही गुणी लेकरं तो आनंद मोडू नये म्हणून नापास होत होती!

"आणि तुझं ते शूप्? तो होकार नव्हे?"

"होकारच आहे," तूवा म्हणाली. "पण म्हणजे ऐकतेय. समजलं असं कुठं म्हटलं मी?"

दुसऱ्या दिवशी तोर्किल वर्गात आला तो हातात खडू घेऊन. "आजपासून आकडे स्वीडिशमध्ये. चुकलो तर ओरडायचं. नाही समजलं तर दुप्पट ओरडायचं," त्यानं जाहीर केलं आणि फळ्यावर दुधातले जंतू मारायचा आकडा, मोठ्ठा बहात्तर लिहून छाती भरून त्याचा उच्चार केला. आता स्वीडिशमध्ये बहात्तरची सुरुवातच सातानं, आणि स्वीडिश सात म्हणजे डॅनिश जिभेचा काळच. ओठांचा चंबू करायचा आणि घशातून मेणबत्ती फुंकायची, असला तो उच्चार. तोर्किलच्या तोंडून शिंक बाहेर पडली.

"काय?" मागच्या बाकावरून आरोळी आली.

वर्ग चपापला. तोर्किलचा चेहरा मात्र असा फुलला की बघत राहावं. "पुन्हा म्हण!" तो म्हणाला. "काय म्हणालास ते पुन्हा म्हण!"

"काय? समजलं नाही!" या खेपेला पाच-सहा जण ओरडले. मग काही विचारू नका. उच्चार चुकला की 'काय?', आम्ल म्हणजे काय, साय वरच का येते, 'काय'ला नुसता ऊत आला. संध्याकाळच्या गाडीत तोर्किल खिडकीकडे तोंड करून सात-सत्तर घोकायचा, तेव्हा समोरचे प्रवासी हळूच उठून दुसऱ्या डब्यात जायचे.

गुनवोर पुन्हा एकदा मागे येऊन बसली आणि बाहेर पडताना तिचा चेहरा उतरला होता. "अरे, निम्मा धडा राहिला आज! सारखी मध्ये मध्ये बोलतात पोरं. आणि परीक्षा तर तोंडावर आली."

"राहू दे," तोर्किल म्हणाला. "आत्तापर्यंत रोज धडा पुरा होत होता. उपयोग काय झाला?"

म्हणाला खरं, पण निकालाच्या दिवशी कॉफी तशीच टाकून तो निघाला. गुनवोरच्या दारात तो शाळकरी पोरासारखा उभा राहिला. तिनं मुद्दामच वेळ लावला. चष्मा पुसला, कागद चाळले.

"पाच पडले," ती म्हणाली. "अख्ख्या वर्गात पाच. पन्नास तर कुणीच लिहिलं नाही."

"कुणीच नाही? चीजच्या प्रश्नाचं उत्तर पन्नास होतं!"

"ते सोडून, गाढवा! पहिलं वर्ष तुझंच. जा आता."

तो तरंगतच बाहेर आला. व्हरांड्यात तूवा भेटली, पाठीवर पिशवी, घरी निघालेली. चांगल्या गुणांनी पास झाली होती.

"पुढच्या वर्षी माझ्या चीजच्या तासाला येणार ना?" त्यानं विचारलं.

"शूप्," तूवा म्हणाली.

तोर्किल चार पावलं पुढे गेला आणि गर्रकन मागे वळला.

"थांब, थांब! हो म्हणालीस, की नुसतीच ऐकतेयस?"

तूवा खळखळून हसली. मग पिशवी खाली ठेवून, तोंड चांगलं उघडून, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हो!"